टेबलाखालचे सुपरवायझर

आमच्या मैसूरच्या घरमालकांना भोंगा वाजवता यायचा, आणि तोही तोंडाने. कारखान्याची शिफ्ट सुटताना वाजतो तसा, पोटातून निघून नाकात चढणारा आणि मग रडत रडत खाली येणारा. रोज संध्याकाळी पाच वाजता काका गच्चीवर यायचे, लुंगीची गाठ घट्ट करायचे, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा धरायचे आणि वाजवायचे. गोकुलममधल्या आमच्या गल्लीला त्याचं काही वाटत नसे. नवीन माणूस मात्र पहिल्या दिवशी गॅस बंद करून बाहेर पळत यायचा. मीही आले होते.

समोरच्या बंगल्यात योगाचा वर्ग चालायचा. तिथल्या एका परदेशी मुलीने मला फार गंभीरपणे विचारलं होतं की हा प्राणायामाचा कुठला प्रकार. मी म्हटलं, बाई, तू त्यांनाच विचार. तिने खरंच विचारलं आणि चार दिवस गच्चीवर जाऊन शिकली. पाचव्या दिवशी तिचा भोंगा काकांपेक्षा लांब पुरला, तेव्हा काकांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं.

काकांचं सगळं आयुष्य मैसूरजवळच्या कडकोळ गावातल्या एका कारखान्यात गेलं. तिथे बाटल्यांची झाकणं व्हायची आणि काका शिफ्टचे सुपरवायझर होते. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, कितीतरी पिढ्यांमागे मराठी मुलखातून मैसुरात येऊन राहिलेलं. आजोबा लुगडी रंगवायचे, वडील कापडावर छपाई करायचे, आणि काका झाकणं बसतात का ते बघायचे. पुढे त्यांना सगळ्याच बाबतीत ती सवय लागली. मुलीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्यांनी व्याह्यांना विचारलं होतं म्हणे, "झाकण घट्ट बसतंय ना?" व्याह्यांना वाटलं, माणूस हुंड्याचं काहीतरी सुचवतोय, आणि ते ताठ झाले. काकूंना मध्ये पडावं लागलं.

घरात ते मराठी बोलायचे, पण मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपेल याची तयारी ठेवावी लागे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते अम्मा म्हणायचे, कारण मैसुरात बाईमाणसाला तसंच म्हणतात.

ड्युटीवर झोपणारा माणूस त्यांच्या लेखी चोरापेक्षा वाईट होता. "चोर झाकण नेतो. झोपणारा वेळ नेतो, अल्वा?" असं ते 'होय ना' म्हटल्यासारखं विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत. झोपेवरून कुणाकुणाला घरी पाठवलं त्याच्या गोष्टी ते अशा कौतुकाने सांगत, की लोक नातवंडांचे फोटोही इतक्या कौतुकाने दाखवत नाहीत. गंमत अशी, की निवृत्त झाल्यापासून त्यांना स्वतःलाच झोप येईनाशी झाली होती. ते वरच्या मजल्यावर येरझारा घालायचे आणि खालच्या मजल्यावर मला त्या ऐकू यायच्या. काकू म्हणायच्या, "हाताखाली माणसं नाहीत ना आता. कुणावर लक्ष ठेवून झोपणार हे?"

या घरात मला जागा मिळाली ती माझ्या कुत्र्यामुळे. पिल्लू असताना सांगलीच्या बसस्टँडवर त्याने माझ्या पिशवीतलं भडंगाचं पाकीट पाकिटासकट खाल्लं, म्हणून त्याचं नाव भडंग. एक कान उभा, एक पडलेला, रंग चहात बुडवलेल्या खारीचा. घर बघायला गेले तेव्हा काकांनी मला नोकरी, पगार, लग्न यातलं काहीही विचारलं नाही. ते खुर्ची ओढून भडंगसमोर बसले.

"बन्नी," ते म्हणाले. कन्नडमध्ये मोठ्या माणसाला 'या' म्हणतात तसं. भडंग पुढे गेला.

"काय काम येतं?"

भडंगने लांबलचक जांभई दिली.

काका माझ्याकडे वळले. "नाइट शिफ्ट केलेला दिसतोय, पापा," बिचारा म्हणावं तसं ते म्हणाले. "घर देतो."

मागच्या खोलीत मी माझं ऑफिस मांडलं. टेबल, चाकांची खुर्ची, लॅपटॉप. आमची कंपनी पुण्याची आणि मी घरून काम करायचे. भडंगला माझं घरून काम करणं मान्य होतं, मीटिंग मान्य नव्हत्या. लॅपटॉपमधून माणसांचे आवाज येतात, पण माणसं काही आत येत नाहीत, हे त्याला पटत नसे. तो आधी खोलीभर गोल फिरायचा, मग दाराला नखं लावायचा, मग ओठ चाटत बसायचा आणि माझ्या बॉसबाई बोलायला लागल्या की भुंकायचा. फक्त त्या बोलायला लागल्या की. त्यामुळे टीममध्ये भडंग फार लोकप्रिय होता, पण टीमला कोण विचारतं?

कुत्र्यांच्या वागण्यावर नेटवर जेवढं होतं तेवढं मी वाचून काढलं होतं. जांभई म्हणजे झोप नव्हे, अस्वस्थपणा. ओठ चाटणं म्हणजे ताण. त्याची जागा दारापासून लांब आणि माणसाच्या जवळ हवी. मी मऊ गादी आणली, चघळायला हाड आणलं, पडदे लावले. मीटिंग नसली की त्या गादीवर तो राजासारखा झोपायचा.

शेवटी बॉसबाईंनी फोन केला. म्हणाल्या, "हे बघ, दसऱ्याच्या सुमारास क्लायंटचा डेमो आहे. त्यात कुत्रा ऐकू आला तर दुसऱ्या दिवसापासून पुण्याच्या ऑफिसमध्ये बसायचं. मग मला काही सांगू नकोस." पुण्यात माझी सोय बहिणीकडे, आणि बहिणीच्या सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की घरात एकतर कुत्रा राहील नाहीतर त्या. म्हणजे नोकरी ठेवायची तर भडंगला कुणाला तरी देऊन टाकायचं. मी जिन्यात बसून रडले. रडण्यासारखंच होतं ते. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. काका वरच्या पायरीवर उभं राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ण गणवेशात खाली आले. खाकी शर्ट, खाकी पँट, पायात कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट.

"नोडी अम्मा," बघा, या अर्थाने ते म्हणाले, "त्याचं काही चुकलेलं नाही. त्याला काम काय ते कुणी सांगितलंच नाही. कारखान्यात नवीन माणूस आला, त्याला मशीन दाखवलं नाही, तर तो काय करणार? बोंबलत फिरणार, अल्वा?"

मग त्यांनी भडंगला खोली दाखवली. पंख्याची बटणं दाखवली, बाहेर पळायचं दार दाखवलं, लॅपटॉपजवळ नेऊन "हे मशीन, हात लावायचा नाही" असं बजावलं. भडंगने मशीन चाटलं. काकांनी स्वतःचा एक जुना खाकी शर्ट त्याच्या गादीवर अंथरला, कारण गणवेशाशिवाय माणसाला कामाची ओढ लागत नाही. माझ्या वाचनाच्या जोरावर मी म्हटलं, "काका, तो जांभया देतोय म्हणजे घाबरलाय." काका म्हणाले, "भाषण ऐकून सगळेच देतात. मी कधी मनावर घेतलं नाही."

त्यांचं कुत्र्याबद्दलचं ज्ञान असं सगळं कारखान्यातलं होतं. भडंग पंजे चाटू लागला की ते म्हणायचे, हात धुतोय, जेवणाची सुट्टी द्या. शेपूट पायात घातली की म्हणायचे, रजा मागायलाय. एकही गोष्ट बरोबर नव्हती. तरी रोज सकाळी काका आले की भडंग दारापर्यंत धावायचा आणि काका त्याला "आलात? बरं झालं," असं म्हणायचे, जणू काही तो बाहेरून आलाय.

एवढं करूनही मीटिंगमध्ये भुंकणं थांबलं नाही. तेव्हा काकांनी ठरवलं की मशीनचा दोष मशीनजवळ बसल्याशिवाय कळत नाही. मी आंघोळीला गेले असताना ते चटई घेऊन माझ्या टेबलाखाली शिरले आणि मला न सांगता तिथेच पडून राहिले. मी मीटिंग सुरू केली. बॉसबाई बोलत होत्या, मी मान डोलवत होते, आणि अचानक माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधून एक पांढरं डोकं वर आलं.

"अम्मा," ते डोकं म्हणालं, "तुमचे पाय नाचतात हो."

बॉसबाईंनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "घरमालक." यापेक्षा खरं आणि यापेक्षा वाईट उत्तर मला आजपर्यंत देता आलेलं नाही.

पण पाय नाचतात हे खरं होतं. बॉसबाई बोलू लागल्या की माझा पाय आपोआप थडथड हलायचा, खुर्चीची चाकं कुरकुरायची आणि खाली भडंगच्या कानाशी ते सगळं चालू असायचं. "वर कोण बोलतंय त्याच्याशी त्याला काय करायचंय? खाली भूकंप होतोय," काका म्हणाले. यावर कुणीही शहाण्या माणसाने सांगितलं असतं की पाय हलवू नकोस. काकांनी पायातले बूट काढले आणि मला घालायला दिले. लोखंडी टोकाचे, माझ्या पायापेक्षा दोन बोटं मोठे, आणि इतके जड की पाय हलवायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. त्या दिवसापासून मी वर कुर्ता आणि खाली सेफ्टी बूट अशा वेशात ऑफिस करू लागले. काका चटईवर, त्यांच्याजवळ भडंग. भुंकणं हळूहळू कमी झालं. बुटांनी झालं की काकांनी, ते मला कळलं नव्हतं. काका श्रेय बुटांना देत होते.

पाच वाजले की ते गच्चीवर जाऊन भोंगा वाजवायचे आणि खाली मला लॅपटॉप मिटावाच लागायचा. नाही मिटला तर खाली येऊन म्हणायचे, "ओव्हरटाइम कुणी मंजूर केला?" भडंग भोंग्याला सूर लावायचा, मग अंग झाडायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला संध्याकाळ दिसू लागली ती त्या घरात.

आता आयुधपूजेचं सांगते. मैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊनपुसून, कुंकू लावून, हार घालून ठेवतात. रिक्षा, करवत, शिलाई मशीन, काय असेल ते. आणि जुनी माणसं एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावू देत नाहीत. क्लायंटच्या देशात आयुधपूजा नसते, त्यामुळे डेमो नेमका त्याच दुपारी होता. मी सकाळी बाजारात जाऊन आले आणि बघते तर लॅपटॉप पाटावर. पडद्याभोवती झेंडूचा हार, कळफलकावर अक्षता, कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यावर गंधाचा टिळा. शेजारी भडंग, कपाळाला कुंकू, गळ्यात हार. हार अर्धा खाऊन झाला होता.

"काका! दुपारी डेमो आहे!"

"आज कसा होईल?" काका शांतपणे म्हणाले. "पूजा झाली. आता उद्या उघडायचं."

"काका, डेमो नाही झाला तर मला पुण्याला जावं लागेल. भडंग जाईल हो."

काका खाली बसले. एवढ्या वर्षांत आयुधपूजेच्या दिवशी त्यांनी एक चाक फिरू दिलं नव्हतं. एकदा खुद्द मालकाच्या हातातून चावी काढून घेतली होती म्हणे. ते एकदा लॅपटॉपकडे बघत होते, एकदा भडंगकडे. भडंग उरलेला हार खात होता. दारातून काकू म्हणाल्या, "तो गेला तर उद्यापासून खाली कुणाला बघायला जाणार तुम्ही?"

काका उठले. "मशीन चालवा. पण हार काढायचा नाही, गंध पुसायचं नाही. आणि आज जबाबदार माणूस मशीन सोडून हलणार नाही." ते गणवेश चढवून टेबलाखाली गेले. भडंगही गेला.

डेमो सुरू झाला. गंधामुळे क्लायंटला मी पिवळ्या धुक्यातून दिसत होते. तो म्हणाला, तुमच्याकडचा उजेड फार सुंदर आहे. मी बूट घट्ट रोवून बोलत राहिले. मग बॉसबाई बोलू लागल्या. खालून आवाज नाही. हळूच वाकून बघितलं, तर भडंग काकांच्या दंडावर डोकं ठेवून गाढ झोपलेला, आणि त्याच्या पाठीवर हात टाकून, तोंड उघडं ठेवून, काकाही गाढ झोपलेले. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की मी दोन वाक्यं चुकीची बोलले.

तेवढ्यात समोरच्या रिक्षावाल्याची पूजा आटपली. त्याने रस्त्यावर कोहळा आपटला आणि हॉर्न दाबून धरला. भडंगने फक्त उभा कान हलवला. काका मात्र दचकून उठले, त्यांचं डोकं धाडकन टेबलावर आपटलं, आणि झोपेत त्यांना काय वाटलं देव जाणे, त्यांनी टेबलाखालूनच भोंगा दिला. पूर्ण. पोटातून नाकापर्यंत.

पडद्यावर क्लायंट ताडकन उभा राहिला. त्याला वाटलं, त्याच्याच इमारतीत आग लागली. तो कोट उचलून जिन्याने खाली निघून गेला. आम्ही सगळे त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तो धापा टाकत परत आला आणि म्हणाला, आमच्या इमारतीत माझ्याशिवाय कुणालाच शिस्त नाही, एकही जण बाहेर आला नाही. मग म्हणाला, डेमो चांगला होता, काम सुरू करा.

बॉसबाईंचा मेसेज आला, "कुत्रा अजिबात ऐकू आला नाही. थँक्स. कुठे सोडलंस त्याला?" मी लिहिलं, "ड्युटीवर आहे."

आनंदाने मी टेबलाखाली वाकले. काका चटई गुंडाळत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"अम्मा, माझा डोळा लागला होता?"

खोटं बोलायची सोय नव्हती, त्यांच्या गालावर चटईची नक्षी उमटली होती.

"ड्युटीवर," ते स्वतःशीच म्हणाले आणि जिना चढून गेले.

त्या संध्याकाळी भोंगा वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गल्लीत गोंधळ माजला. कुणाचं दूध उतू गेलं, समोर योगाचा वर्ग शवासनात अंधार पडेपर्यंत पडून राहिला. भडंग जिन्याच्या तळाशी बसून वर बघायचा. मी बूट घालून बसले, त्यालाही शर्टावर बसवलं, तरी पुढच्या मीटिंगमध्ये बॉसबाईंनी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि तो भुंकला. "परत आला वाटतं," त्या म्हणाल्या. "अगं, आता दर आठवड्याला क्लायंट असणार आहे. कसं करणार आहेस?" मला पुन्हा पुणं दिसू लागलं.

काकू खाली आल्या. "ह्यांनी स्वतःला सस्पेंड केलंय. खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात. तुमच्या टेबलाखाली झोपले तीच काय ती झोप, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. तुम्हीच काहीतरी करा, माझं ऐकत नाहीत."

मी भडंगला घेऊन वर गेले. काका गणवेश न घालता बसले होते, आणि गणवेशाशिवाय ते फार म्हातारे दिसत होते.

"काका, त्या दिवशी भडंगपण झोपला होता. त्याला का नाही सस्पेंड केलं?"

"त्याचं वेगळं, अम्मा. तो झोपला तर तुमचं काम होतं. झोपणं हीच त्याची ड्युटी."

"आणि झोपतो कधी? तुम्ही शेजारी झोपलात तेव्हा. बुटांनी नाही, शर्टाने नाही. काल मी सगळं करून बघितलं."

भडंगने पुढे जाऊन त्यांच्या पायावर हनुवटी ठेवली आणि भली मोठी जांभई दिली. ती अस्वस्थपणाची नव्हती, एवढं मलाही कळलं.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "मी झोपलो नाही तर काम बंद पडतंय?"

"बंद."

"झाकण घट्ट बसतंय?"

"एकदम घट्ट."

ते उठले आणि काकूंना म्हणाले, "माझी खाकी पँट कुठे आहे?"

त्यानंतर ते रोज माझ्या टेबलाखाली झोपले. मन लावून झोपले. वर काकूही दुपारच्या झोपू लागल्या. पाचच्या सुमारास काका आपोआप जागे व्हायचे, गच्चीवर जायचे, आणि गल्ली पुन्हा वेळेवर दूध उतरवू लागली.

पुढे आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मला सांगलीला परतावं लागलं. नोकरी होती तशी राहिली, भडंगही राहिला, फक्त मैसूर सुटलं. निघायच्या दिवशी सामान भरता भरता पाच वाजत आले. भडंग गाडीत मागच्या सीटवर खाकी शर्टावर बसला होता. काका फाटकाशी आले, पूर्ण गणवेशात. त्यांनी लुंगीच्या सवयीने पँटच वर ओढली, तोंडाभोवती हात धरले. भडंगने कान टवकारला.

हात तसेच राहिले. भोंगा आला नाही.

"काका, पाच वाजले की," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली घेतले. "नाही वाजवत, अम्मा. वाजवला की ड्युटी संपते."

मला रडू आलं. त्यांना ते नको होतं, म्हणून त्यांनी ड्रायव्हरलाच जागं राहण्याबद्दल दम दिला.

सांगलीत आता माझं टेबल आईच्या खोलीत आहे. पायात तेच बूट असतात आणि आता काका शेजारी नसले तरी बुटांवर डोकं टेकून भडंग झोपतो. पाच वाजले की तो उठतो, दाराशी जातो, उभा कान टवकारून थोडा वेळ थांबतो आणि परत येऊन बुटांवर डोकं ठेवतो. मीही लॅपटॉप मिटते, पण बूट काढत नाही. भोंगा वाजलेला नाही, म्हणजे काकांच्या हिशेबाने आम्ही दोघं अजून त्यांच्याच शिफ्टमध्ये आहोत.